शेवटची नऊ मिनिटं

"चूप बैठ! रोज पचास किलो आटा उठाता हूं!"

पडद्यावरचा आचारी ओरडला आणि तीन नंबरच्या स्क्रीनमध्ये शिट्ट्यांनी कान किटले. बाहेर पडायच्या दारापाशी अंधारात दोघी झाडू आणि काळ्या पिशव्या घेऊन उभ्या होत्या. पुढचं सगळं तनुजाला पाठ होतं. बुटका आचारी सहा फुटी कमांडोला पाठुंगळी घेऊन जळत्या जहाजावरून धावणार, मग पाण्यात उडी, मग दिवे. हडपसरच्या या मॉलमध्ये सिनेमा लागून बारा दिवस झाले होते, आणि साफसफाईवाल्यांनी खेळ संपायच्या नऊ मिनिटं आधी दारात उभं राहायचं, असा नियम होता. त्यामुळे दोघींनी शेवट तीसेक वेळा तरी पाहिला होता. सुरुवात एकदाही नाही.

"ह्यो एवढासा मानूस त्या धिप्पाड गड्यासाठी जीव का देतो, म्हन्ते मी," तनुजा कुजबुजली. "आधी कायतरी झालं असंल."

"सख्खे भाऊ असतील. लहानपणी हरवलेले," सुगराबी म्हणाली.

"एक बांबू, एक बटाटा. भाऊ कुठनं?"

"माझे दोन मुलगे बघ. एक हातगाडी ओढेल, दुसऱ्याला पेन उचलवत नाही."

तशी या दोघींची जोडीही कुणी पत्रिका बघून जुळवली नव्हती. तनुजा मांजरी गावची, चाळिशीची, पायाला भिंगरी लागलेली. सुगराबी कसब्यातली, साठीला टेकलेली, एकेक खुर्ची हात फिरवून पुसणारी. तिचे गुडघे गेले होते. म्हणून वरच्या रांगा तनुजा धावत उरकायची आणि खाली येऊन सुगराबीच्या वाट्याच्याही निम्म्या झाडायची. याबद्दल दोघींत कधी अवाक्षर निघालं नव्हतं. पण दोन खेळांमधली वीस मिनिटं कंपनीने बारावर आणली आणि सगळं कोलमडलं. सुपरवायझर इंद्रजीत, पंचविशीतला पोरगा, रोज खाली उभा राहून मोबाइलवर वेळ लावू लागला.

त्या मंगळवारी त्याने तनुजाला बाजूला घेतलं.

"ताई, तीन नंबरला रोज सोळा मिनिटं लागतायत. प्रॉब्लेम नक्की कुठे आहे? ऑनेस्टली सांगा."

तनुजाचं डोकं आधीच तापलेलं. "प्राब्लेम? साठीच्या बाईला दिवसभर पायऱ्या चढाय लावता, गुडघ्यात पानी झालंय तिच्या, आन वर मलाच इचारता व्हय? मानूस हाय ती, लिफ्ट न्हाई!"

इंद्रजीतने मान हलवली, "थँक्यू" म्हणाला आणि मोबाइलवर काहीतरी लिहिलं. तनुजाला फार बरं वाटलं. कुणीतरी तोंडावर सुनवायलाच हवं होतं, असं ती घरी पोचेपर्यंत मनाशी म्हणत होती.

बुधवारी दुपारी सुगराबीच्या हातात कागद पडला. प्रकृतीच्या कारणास्तव उद्यापासून काम बंद.

तनुजाला आपलं कालचं बोलणं आठवलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि तीही नेमकी आपल्याच माणसाच्या मुळावर. सांगावं तर कुठल्या तोंडाने, आणि न सांगावं तर चैन पडेना. ती नुसती येरझाऱ्या घालत राहिली. सुगराबी कपाटातला डबा, चपला, जुना स्वेटर पिशवीत भरत होती.

"शुक्रवारी पिक्चर उतरतोय," ती म्हणाली. "उद्या सकाळच्या खेळाची दोन तिकिटं काढलीत मी. एकदाची सुरुवात बघून टाकू. तुझी पाळी एकला ना?"

गुरुवारी सुगराबी इस्त्रीची जांभळी साडी नेसून, अत्तर लावून आली. तिकिटं अगदी मागच्या रांगेची होती.

"चाची, चौदा पायऱ्या हायत!"

"मला सांगतेस? पुढे बसून मान कोण मोडून घेईल?"

कठडा धरून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत ती चढली. खुर्चीत बसल्याबरोबर तनुजाचे हात सवयीने फटीतले दाणे शोधू लागले, तेव्हा सुगराबीने ते हात धरून तिच्या मांडीवर ठेवले.

सिनेमा सुरू झाला. भाऊ नाही, जुने उपकार नाहीत, काहीच नाही. एका साहेबाने जहाजावरच्या ड्यूटीच्या कागदावर दोन नावं एकाखाली एक लिहिली, एवढंच. कमांडोने आचाऱ्याकडे बघून नाक मुरडलं, आचाऱ्याने त्याच्या डाळीत मूठभर मीठ घातलं. थिएटर खदखदून हसलं.

"बस, एवढंच?" तनुजा म्हणाली.

"मग आणखी काय लागतं?" सुगराबी पदराआड हसत होती.

तनुजाला मात्र स्वस्थ बसवेना. पाय हलत होते. मध्यंतर झालं, पॉपकॉर्न आले, ते तिने तोंडाला लावले नाहीत. कमांडोला गोळी लागली आणि सगळं थिएटर चिडीचूप झालं, तेव्हा तिला राहवलं नाही.

"चाची, गुडघ्याचं म्याच बोलले. त्या इंद्रजीतपाशी. तुमच्या बाजूनं भांडाय गेले, आन…"

"ठाऊक आहे." सुगराबीची नजर पडद्यावरच होती. "त्यानेच सांगितलं. तुझी तारीफ करत होता."

"मग तुमी कालच बोलला का न्हाई मला?"

"बोलले असते तर तू आज आली असतीस?"

तनुजाने न खाल्लेले पॉपकॉर्न तिच्याकडे सरकवले.

"राग आला होता," सुगराबी म्हणाली. "फार आला होता. अजून थोडा आहे. आता जहाज पेटेल, गप बघ."

तनुजा बघत होती, पण डोळ्यांतल्या पाण्यापुढे जहाजही नीट दिसत नव्हतं. आचाऱ्याने कमांडोला पाठीवर घेतलं, आट्याचं वाक्य आलं, आणि शेजारी सुगराबीने दोन बोटं तोंडात घालून अशी खणखणीत शिट्टी मारली, की पुढच्या रांगेतली कॉलेजची पोरं वळून बघायला लागली.

दिवे लागले. खालून नवी मुलगी, ऋचा, झाडू घेऊन आत आली. तिच्यामागे इंद्रजीत होता. एक वाजला होता, तनुजाची पाळी सुरू झाली होती. सुगराबी उठली आणि सांडलेले पॉपकॉर्न गोळा करायला वाकली.

"ऱ्हाऊ द्या," तनुजाने तिचा हात धरला. "आज तुमी पब्लिक."

सुगराबी सरळ उभी राहिली. पदर नीट केला, तनुजाच्या गालाला हात लावला आणि उतरायला लागली. एक पायरी, दोन्ही पाय. मग दुसरी. मागे माणसं तुंबली, कुणी घड्याळ बघितलं, कुणी घसा खाकरला. तिने घाई केली नाही.

"ताई, टाइम लावलाय हं!" इंद्रजीत खालून ओरडला.

अर्ध्यावर सुगराबी थांबली, कठडा धरून श्वास घेतला. वर चढणारी ऋचा अंग चोरून बाजूला झाली.

"सावकाश, मॅडम," ती म्हणाली.

सुगराबीने तिच्याकडे बघून मान हलवली आणि पुढची पायरी घेतली.

"ताई, चार मिनिटं झाली!"

"होऊ द्या," तनुजा म्हणाली. शेवटची पायरी उतरून सुगराबी दाराबाहेर पडेपर्यंत तिने झाडूला हात लावला नाही.