चार आडव्या रेघा

भगवंतरावांनी गाडीच्या मीटरखालचं बारीक बटण दाबून धरलं आणि दुसऱ्या हाताने किल्ली फिरवली. सगळे काटे एकदम टोकाला जाऊन परत आले. खालच्या पट्टीवर आकडे पळू लागले.

"कागद घेतलास?"

"घेतलाय. सांगा तुम्ही," शेजारी बसलेल्या प्रेमाताई म्हणाल्या. कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून, पेन्सिल सरसावून त्या बसल्या होत्या. नवऱ्याने सरकारी प्रयोगशाळेत पस्तीस वर्षं काढलेली. या घरात मिक्सर बिघडला तरी आधी नोंद, मग दुरुस्ती.

काल संध्याकाळी, बनशंकरीतल्या त्यांच्याच गल्लीत, गाडी थांबायच्या ऐवजी पुढे उसळली आणि शेजारच्या भाग्यलक्ष्मींच्या फाटकाशी लावलेली सायकल चाकाखाली गेली. सायकल भाग्यलक्ष्मींच्या नातीची. पोरगी तेवढ्यात पाणी प्यायला आत गेली होती म्हणून बरं. ब्रेक लागलाच नाही, असं भगवंतराव कालपासून सगळ्यांना सांगत होते आणि त्यांना ते मनापासून खरंही वाटत होतं. सकाळी मेकॅनिक मंजुनाथ चाकं खोलून बघून गेला.

"ब्रेक सरी आहे सर, काही बिघाड नाही. वायरिंगमध्ये काही असलं तर स्कॅनर लावावा लागतोय."

"स्कॅनर कशाला? ही गाडी आपलं आपण सांगते," भगवंतरावांनी त्याला पुस्तिकाच दाखवली होती. दोष असेल तर पट्टीवर त्याचा आकडा येतो, नसेल तर चार आडव्या रेघा.

रेघा आल्या.

त्यांनी किल्ली बंद केली, पुन्हा पहिल्यापासून सगळं केलं. पुन्हा रेघाच. तिसऱ्या खेपेलाही त्याच. आता ते घाबरले होते. गाडी चालवणं सुटलं तर आपण घरात बसून राहणार, हे त्यांना ठाऊक होतं.

"अहो, सांगताय ना?"

"सी, एक, दोन, शून्य, सात."

पेन्सिल चालली. प्रेमाताईंना तिथून पट्टी दिसत नव्हती आणि त्यांनी मान वाकडी करून बघितलंही नाही. एवढ्या वर्षांत त्यांनी नवऱ्याचा एकही आकडा पडताळून पाहिला नव्हता. हवा तो आकडा मांडणाऱ्यांना भगवंतरावांनी भर बैठकीत झाडलं होतं. आज त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"खोड ते."

"चुकलं का?"

"गाडीत काही नाहीये. माझाच पाय ब्रेकवर नव्हता, प्रेमा."

प्रेमाताईंनी पान दुमडून पर्समध्ये टाकलं. भगवंतराव उतरले, गाडीला वळसा घालून आले आणि त्यांनी प्रेमाताईंच्या बाजूचं दार उघडलं.

"तू बस तिकडे. पोरीला सायकल आणू."

"मी? लायसन्स आहे हो, पण तुम्ही कधी स्टिअरिंग सोडलंय?"

"आज सोडलं."

प्रेमाताईंनी सीट पुढे ओढली, आरसा फिरवला आणि बेताबेताने गाडी बाहेर काढली. भाग्यलक्ष्मींच्या फाटकातून नात धावत रस्त्यावर आली. भगवंतरावांनी उजवा पाय सगळा जोर लावून दाबला. पायाखाली नुसती मॅट होती. गाडी तोवर कधीच थांबली होती.