दोन गाड्यांवरचं एक गाणं

माझा भाऊ एलिउद बसला की त्याचा उजवा पाय हलतो. टेबल हलतं, टेबलावरची कॉफी हलते, शेजारची डोन्या प्रोव्ही भूकंप समजून दारात येऊन उभी राहते. त्या दिवशी तर दोन्ही पाय हलत होते.

कारण मायामीच्या गाण्यांच्या कंपनीच्या इवेट बाई. एलिउदचं गाणं त्यांना आवडलं होतं, पण अर्धंच. एक ओळ स्पॅनिश, पुढची इंग्रजी, असं ते शेवटपर्यंत चालतं. अर्धं बालपण इथे बेटावर आणि अर्धं अमेरिकेत ओरलँडोत काढलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? बाई म्हणाल्या, "एक भाषा ठेव, एक काप. संध्याकाळी जत्रेत ऐकते. कुठली ठेवलीस ते गाऊनच सांग."

"इंग्रजी कापली तर?" त्याने मला विचारलं. गाण्याच्या ठेक्याची बटणं मी दाबते, म्हणून त्याला वाटतं मला सगळं कळतं.

"ओरलँडोची आत्या तुझ्याशी बोलणार नाही."

"आणि स्पॅनिश कापली तर?"

"आत्या बोलेल. बाकी कोणी नाही."

निवडणुकीचं वर्ष होतं. भोंगेवाल्या प्रचाराच्या गाड्या सकाळपासून गाव बहिरं करत होत्या. निळ्या पक्षाला आमचं बेट अमेरिकेचं राज्य करायचंय. त्यांची गाडी आमचे पप्पा चालवतात. लाल पक्षाला आहे तेच बरं वाटतं. त्यांची गाडी हेरिबेर्तो मामा चालवतो. गेल्या निवडणुकीपासून दोघे एकमेकांशी फक्त भोंग्यातून बोलतात.

संध्याकाळी एलिउद स्टेजवर चढला आणि वीज गेली. आमच्याकडे वीज गेल्यावर कोणी ओरडत नाही. ओरडतात ती आल्यावर. कुठली भाषा ठेवायची ते एलिउदचं अजून ठरलंच नव्हतं, त्यामुळे त्याला जरा बरंच वाटलं. पण इवेट बाई पर्स उचलायला लागल्या. त्यांचं विमान होतं.

जनरेटर होते ते फक्त प्रचाराच्या गाड्यांवर. मी पप्पांना फोन केला. मग मामालाही केला, कारण पप्पा कधीच वेळेवर येत नाहीत. नेमके दोघेही आले आणि मधून बाकालाईतो, म्हणजे माशाचं पातळ भजंही, जाणार नाही इतक्या चिकटून गाड्या लावल्या.

"माझ्या माईकवर इंग्रजीच," पप्पा म्हणाले. "निळी गाडी आहे."

"माझ्या माईकवर इंग्रजीचा एक शब्द आला तर वायर उपटेन," मामा म्हणाला.

"पप्पा, तुम्हाला तरी इंग्रजी येतं का?"

"मला कशाला यायला हवं? गाडीला येतं."

एलिउदने माझ्याकडे पाहिलं. मी ठेका दोन्ही गाड्यांना जोडला. ठेक्याला पक्ष नसतो. एलिउद लाल गाडीच्या टपावर चढला, पहिली ओळ गायली, उडी मारली, निळ्या टपावरून दुसरी गायली. परत लाल. परत निळा. रॅपच्या कडव्यात ओळी छोट्या होतात, तेव्हा तर तो बहुतेक हवेतच होता. आधी लालवाले लाल ओळींना टाळ्या वाजवत होते, निळेवाले निळ्या. मग सगळ्यांचाच गोंधळ उडाला आणि लोक नुसतेच नाचायला लागले. एलिउदच्या त्या पायांना आयुष्यात पहिल्यांदा पुरेसं काम मिळालं होतं.

शेवटची ओळ अर्धी स्पॅनिश, अर्धी इंग्रजी. त्याने एक पाय लाल टपावर ठेवला, एक निळ्या. दोन्ही इंजिनं सुरू होती.

"गाड्या हलवू नका!" मी किंचाळले.

"मी का हलवू?" पप्पा म्हणाले. "हलवायची तर त्याने हलवावी."

"मरेन," मामा म्हणाला, "पण मागे घेणार नाही."

म्हणून माझा भाऊ अखंड राहिला. आणि गाणंही.

इवेट बाईंनी पर्स खाली ठेवली. "काही कापू नकोस," त्या म्हणाल्या. "गाड्या कुठे भाड्याने मिळतात?"

आता तो जिथे गातो तिथे स्टेजवर दोन गाड्या असतात. चालवायला पप्पा आणि मामाच. दुसऱ्याच्या हातात चावी द्यायला कोणी तयार नाही. शेवटची उडी कुणाच्या बाजूची होती, यावर अजून भोंग्यातून भांडतात.

परवा एलिउद घरी जेवायला बसला. कॉफी हलली नाही. डोन्या प्रोव्ही घाबरून दारात आली.

"बरं आहे ना गं पोराला?"