डाव्या चाकाचा आवाज

गाडी मिस्त्रीसमोर उभी केली की तिचं दुखणं नेमकं गायब होतं, हा अनुभव कुणाला नाही? धाकट्याला तर त्याच्या गाडीनं पार तोंडावर पाडलं. दर आठवड्याला तो आईला दवाखान्यात न्यायचा. वाटेत खड्डा आला की मागच्या डाव्या चाकातून घर्र घर्र सुरू व्हायचं आणि सीटसकट पायाखालचा पत्रा थरथरायचा. "अरे, दळण दळतोयस की गाडी चालवतोयस?" आई मागून ओरडायची. गॅरेजात मात्र मिस्त्रीनं दोन चकरा मारल्या, चाक उचलून फिरवलं, बेअरिंग तपासलं, तरी गाडी चकार शब्द काढेना.

"मागे कोण बसतं?" मिस्त्रीनं विचारलं.

"आई. कायम डावीकडे. आणि आई आमची चांगली भरभक्कम आहे."

मिस्त्री हसला. त्यानं हत्यारांच्या दोन जड पेट्या डाव्या सीटवर चढवल्या, चाकावरच्या पत्र्याच्या कमानीला आतून खडू फासला आणि पुन्हा चक्कर मारली. घर्र! कमानीवरचा खडू साफ पुसला गेला होता.

"स्प्रिंग बसलीय. मागे भार पडला की बॉडी खाली येते आणि टायर घासतो. नवी मागवतो. तोवर जपून चालवा."

जपून तर तो चालवतच होता. घरात आता आई आणि तो, दोघंच उरली होती, आणि आईच्या पोटातलं दुखणं साधं नव्हतं. नवं औषध सुरू करताना डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "वजनावर लक्ष ठेवा. टिकलं तर औषध लागू पडलं म्हणायचं. उतरायला लागलं, तर यापुढे आमच्याकडे दुसरं काही नाही." पण आईचं वजनकाट्याशी उभं वैर. "मी काय बटाट्याचं पोतं आहे?" म्हणत तिनं नर्सला पिटाळून लावलं होतं. थंडीचे दिवस होते. दोन स्वेटर आणि वर शाल, त्यात ती पूर्वीसारखीच दिसायची. धाकटा रंगाच्या दुकानातून घरी यायचा तेव्हा तिचं ताट घासून पालथं घातलेलं असायचं. "पोटभर जेवले रे," ती म्हणायची, आणि त्याला हायसं वाटायचं.

मग एका आठवड्यात आवाज आलाच नाही. खड्डे तेच, आई त्याच जागेवर, पण चाक गुपचूप. पुढच्या आठवड्यातही तेच.

"बघ, गाडी आपली आपण बरी झाली," आई म्हणाली. "आता माझा नंबर."

धाकट्याला ते इतकं पटलं की त्या दिवशी दुकानात तो डबे लावताना शीळ घालत होता.

स्प्रिंग आल्याचा निरोप मिळाला, तेव्हा दवाखान्यातून परतताना तो आईला घेऊनच गॅरेजात शिरला. "राहू द्या आता. आवाज गेला."

"लोखंड असं बरं होत नसतं, दादा." मिस्त्रीनं कमानीला पुन्हा खडू फासला आणि पुढच्या सीटवर येऊन बसला. "घ्या जरा मागच्या गल्लीतून."

गल्लीभर खड्डे होते. गाडी फिरून आली तरी खडू जसाच्या तसा. मिस्त्री चक्रावला. "गाडीला दुसऱ्या कुणी हात लावला?"

"छे, कुणीच नाही."

मग मिस्त्रीनं एक पेटी उचलून आईच्या शेजारी ठेवली. "मावशी, एवढी सांभाळा हं." गाडी परत गल्लीत वळली, आणि पहिल्याच खड्ड्यात घर्र घर्र.

"सापडलं!" मिस्त्रीनं मांडीवर थाप मारली. "स्प्रिंग होती तशीच आहे. मागचा भारच उतरलाय. चांगला पेटीभर तरी..." आणि त्यानं मागे वळून पाहिलं.

धाकट्यानं आरशात पाहिलं. पेटी घसरू नये म्हणून आईनं हात पुढे केला होता आणि स्वेटरची बाही वर सरकली होती. ते काडीसारखं मनगट रोज बाहीखाली त्याच्यासमोर होतं, पण त्याला आज दिसलं. आईनं घाईघाईनं बाही खाली ओढली आणि खिडकीबाहेर बघू लागली. त्यानं गाडी गॅरेजकडे वळवली.

गॅरेजात पेटी उतरवून मिस्त्री नवी स्प्रिंग घेऊन आला. त्याला मान वर करवेना. "टाकू ना?"

"नको."

"अहो, उद्या पुन्हा आवाज यायला लागला तर?"

"यायलाच हवाय," धाकटा कसाबसा म्हणाला. आवाज आता येणार नाही, हे दोघांनाही कळत होतं. मिस्त्रीनं स्प्रिंग परत खोक्यात ठेवली.

"झाली का रे दुरुस्त?" आईनं आतून विचारलं.

"झाली, आई."

घरापर्यंत त्यानं एकही खड्डा चुकवला नाही. प्रत्येक खड्ड्यात श्वास रोखून तो मागच्या डाव्या चाकाकडे कान लावत होता. चाक काही बोललं नाही. आणि आईनंही एकदासुद्धा "अरे, हळू" म्हटलं नाही.