जास्तीचा दात

माझी लेक चंचल नऊ वर्षांची झाली तरी तिचा एकही दुधाचा दात पडला नव्हता. वर्गातल्या पोरी पडलेला दात छपराच्या कवेलूवर फेकून उंदराला नवा मागायच्या, ही नुसती बघायची. मी रोज बॅटरी लावून तिचं तोंड तपासायची.

चंद्रपूरच्या दातांच्या डॉक्टर दिव्या मॅडमनी भलतंच विचारलं, "खांदे पुढे जुळवता येतात का गं?"

चंचलने दोन्ही खांदे हनुवटीखाली टेकवले. याच करामतीवर ती शाळेत बोरं जिंकते.

हाडांचा जन्मजात, दुर्मिळ आजार निघाला. गळ्याजवळची हाडं अपुरी. दुधाचे दात हलत नाहीत, पक्के हिरडीत अडकतात, वर जास्तीचेही उगवतात. मॅडमनी पुढचे दोन दुधाचे दात आणि पक्क्यांची वाट अडवणारा जास्तीचा एक काढला. "आता वाट बघायची. नाहीच आले तर तार लावून ओढू."

नाहीच आले तर, एवढंच माझ्या डोक्यात राहिलं.

पोंभुर्ण्याला परतलो. आमचं घर स्लॅबचं. "स्लॅबवर उंदीर कुठी राह्यते?" म्हणत मामाजी, माझे सासरे, आम्हाला शेजारच्या सोमारीबाईच्या गोठ्यापाशी घेऊन गेले. डबी उघडून तिन्ही दात एकदम कवेलूवर फेकले.

"आबाजी, त्यात जास्तीचा होता," चंचल म्हणाली. "आता उंदीर तोबी वापस देईन."

मामाजींचा हात वरच राहिला. "पहिले काऊन नाई सांगितलं?"

"तुमी इचारलं कुठी?"

शिडी आली. मी बी.एस्सी. झालेली, पण शिडी मीच घट्ट धरली.

"कवेलू फुटलं त तुमचे दात काढीन, भाऊ," सोमारीबाई म्हणाली.

"हायेतच किती," वरून आवाज आला. वाकडा, टोकदार दात शोधून त्यांनी बंडीच्या खिशात टाकला.

पुढे चंचल बॅटरी दिसली की तोंड मिटायची. हिवाळ्यात पेरू आले. तिच्या उष्ट्या पेरूवर मधोमध न चावलेली कड राहायची. मी गुपचूप उष्टे पेरू बघू लागले. एका सकाळी त्या कडेवर तीन बारीक रेघा दिसल्या, करवतीने ओढल्यासारख्या.

"चंचल, आ कर."

तिने केला. हिरडीतून पांढरी, दातेरी कड वर आली होती.

पेरू घेऊन मी खळ्यावर धावले. मामाजींनी तो उन्हात धरून पाहिला.

"कामाचा का जास्तीचा?"

"कामाचा, मामाजी."

तरी त्यांनी बंडीच्या खिशात हात घालून खात्री केली. मग म्हणाले, "आण, राह्यलेला मी खातो."

"कायनं चावान, आबाजी?" मागून चंचल आली होती.