विकलेल्या गाईचा पट्टा

रवंथ करताना गाय एक घास गिळते आणि दुसरा वर येईपर्यंत तिचा जबडा काही क्षण अगदी स्तब्ध राहतो. गाईच्या गळ्यातला आमचा पट्टा तो विराम टिपतो. रवंथाचा वेळ घटला, की गाय आजारी दिसण्याआधीच मालकाच्या मोबाईलवर सूचना जाते. हे गणित मी राहात्यातल्या एका गोठ्यात, शेणात उभी राहून बसवलं.

तेव्हा कंपनीत आम्ही चौघंच होतो. आता जिन्यात कुणी “गुड मॉर्निंग, मॅम” म्हटलं तर नाव आठवत नाही. पगार वाढला, पदाचं नाव तर इतकं बदललं की आई विचारते तेव्हा मी नुसतं “गाईंचंच काम” म्हणते. शौनकने ही कंपनी काढली. त्याला मी आता पुण्याच्या ऑफिसात विभागप्रमुख म्हणून हवी आहे. दिवाळीपासून मी “सांगते” म्हणतेय. इथे राहात्यात गोठे आहेत, तिथे जिल्ह्या-जिल्ह्यांतून येणारी माहिती. मला दोन्ही हवंय.

आज तो पुन्हा टेबलाशी आला, तेवढ्यात फोन वाजला. मदतीच्या नंबरवर उत्तर सुचलं नाही, की फोन माझ्याकडे वळवतात. मी स्पीकर लावला.

“ताई, नेवाशावरनं सुमनबाई. माझी ढवळी रवंथ करीना, आसं मोबाईलवर येतंय.”

“डॉक्टरांना दाखवलंत?”

“कशी दाखवू? घोडेगावच्या बाजारात इकली की. गुडघं धरलं माझं, धारंला बसवना.”

“पट्ट्यासकट?”

“तिच्या गळ्यातला पट्टा मी कशापाई काढू?”

गाय विकली तर सूचना कुणाला जायला हवी, हे आम्ही ठरवलंच नव्हतं. एवढे पट्टे विकले, पण गाईही विकल्या जातात हे चौघांपैकी एकालाही सुचलं नव्हतं.

शौनक स्क्रीनकडे वाकला. “अगं देवश्री, ही बाई दिवसभर ॲप उघडते! आपली सगळ्यात चांगली ग्राहक.”

“तिच्याकडे गाय नाहीये, शौनक.”

तो हसला. मीही हसले. मग का हसले ते कळेना.

मी आलेख पाहिला. बाजारानंतर घसरलेली रेघ हळूहळू वर येत होती.

“सुमनबाई, जागा बदलली म्हणून झालं असेल. आता खातेय ती. रुळतेय.”

“खाती व्हय? बरं हाय.” मग जरा फुरंगटूनच, “पन तिला तिथं करमतंय का?”

“ते पट्ट्याला कळत नाही.”

“मंग बंद करा ते.” लगेच घाईने, “न्हाई, ऱ्हाऊ द्या. चालूच ऱ्हाऊ द्या.”

फोन बंद झाला. रेघ वर चालली होती. मीही पुण्यात रुळले असते. इतके महिने मी तेवढंच तपासत होते.

“बरं, पुण्याचं काय?” शौनकने विचारलं.

“मी येत नाही.”

“कारण?”

“कारण अजून सापडलं नाही,” मी म्हणाले. “पण मी येत नाही.”