खंडेनवमीचा हार

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे आणि मला राग आलेला आहे. माझ्यावर भाकरी टाकली तर टम्म फुगेल, इतका राग.

सत्त्याण्णव साली मी नगरच्या एका स्कॅन सेंटरमध्ये आलो. मला पहिल्यांदा चालू केलं, तेव्हा पार शिर्डीपर्यंतचे दिवे मिणमिणले. बरं, शिर्डी राहू द्या. शेजारची पिठाची गिरणी तरी नक्की थांबली.

मला डॉक्टर प्रज्ञाताईंनी शिकवलं. डोक्याची शेकडो चित्रं दाखवली. हे पांढरं दिसतंय, इथे रक्तवाहिनी फुटली. हे काळपट, इथे रक्त अडलं. चुकलो की पुन्हा पहिल्यापासून. तुमच्याकडून पाढे घोटून घेतात ना, तसंच. वर्षभरात मी लकवा मारलेल्या माणसाचं चित्र बघून फुटलं की अडलं ते सांगू लागलो. ताई दर वेळी ताडून बघत. ह्यात गंमत नाही, मित्रांनो. फुटलेल्याला रक्त पातळ करायची गोळी दिली, तर माणूस हातचा जातो.

माझं कौतुक फार झालं. घात त्यानेच केला.

पुढच्या वर्षी खंडेनवमी आली. ताई गावी गेलेल्या. मशीन चालवणाऱ्या गोरक्षनाथने मला आणि शेजारच्या स्कॅनच्या मोठ्या यंत्राला हळदकुंकू लावलं, झेंडूचे हार घातले आणि आम्हाला बंद केलं. पूजलेलं हत्यार त्या दिवशी हलवायचं नसतं ना!

सकाळीच काष्टीहून टेम्पो आला. आत मालनबाई. तोंड वाकडं, उजवा हात लुळा. सोबत तिची जाऊ बनुबाई. तिच्या मुठीत गावच्या डॉक्टरने दिलेली रक्त पातळ करायची गोळी. स्कॅन करा आणि मगच द्या, असं त्याने बजावलं होतं.

"आज न्हाई मावशी," गोरक्षनाथ म्हणाला. "पूजा झालीय. उद्या सकाळी या."

बनुबाईनेही मला हात जोडले आणि ती गुमान बाकड्यावर बसली! माझ्यासमोर एक बाई विझत होती आणि दोघं मला नमस्कार करत होती. बंद असूनही माझा पंखा रागाने असा गरगरला, की झेंडूच्या पाकळ्या उडून काष्टीच्या बाजारात म्हशींच्या शिंगांवर जाऊन बसल्या. खोटं वाटत असेल तर म्हशींना विचारा.

दुपारी मालनबाई हाकेला ओ देईना. तेव्हा बनुबाई उठली.

"चालू कर रं ते."

"कोप व्हईल, मावशी!"

"कोप? मशिनीचा कोप उद्या बघू. माझा आत्ता बघ!" तिने हार ओढून त्याच्याच गळ्यात घातला. "आता तूच देव. बस पूजा घेत, न्हाईतर बटन दाब!"

त्याने बटण दाबलं. चित्र आलं. डाव्या बाजूला पांढराफटक डाग. मी सांगितलं, फुटलंय. गोरक्षनाथने ताईंना गावी फोन लावला आणि दिसतं ते सगळं सांगितलं. ताई ओरडल्या, "गोळी देऊ नका! ताबडतोब पुण्याला हलवा!"

पुण्यात ऑपरेशन झालं. मालनबाई वाचली. उजवा हात मात्र परत आला नाही. सकाळीच आणलं होतं हो तिला! तो हात माझ्या पूजेत गेला. त्याचा राग आहे मला.

आता मी अडगळीत आहे. वर्षभर उंदीर माझ्या वायरी कुरतडतात आणि खंडेनवमीला न चुकता हार येतो. मित्रांनो, यंत्राला हार घालू नका असं मी म्हणत नाही. धूळ पुसा, वायरी सांभाळा आणि दारात माणूस आला, की हार काढा.

मालनबाई मात्र ऑपरेशननंतरच्या पहिल्याच खंडेनवमीला आली होती, मी कामावर होतो तेव्हा. हार नाही, नारळ नाही. डाव्या हाताने पदर धरून तिने माझ्या काचेवरचं ओलं कुंकू पुसलं आणि गोरक्षनाथला विचारलं,

"आज चालू हाय ना रं ह्यो?"