तापलेल्या बिडाचा सूड

“काका, आपली गाडी इतकी फटफट करते काहून? तुमच्यापाशी शिकली काय?”

हा प्रश्न अनुपमाच्या डोक्यातला नव्हता. तिच्या वर्गातल्या जमुना आणि तारा यांनी तिला डिवचलं होतं, “हिंमत असन तं तुह्या काकाले इचारून दाखव! नाही तं आमच्या चिंचा वापस दे.” आता चिंच एकदा गालात गेल्यावर ती परत कोण देतं? अकोल्याच्या जठारपेठेत, बापूसाहेब वकिलांच्या अंगणात, त्यांच्या लेकीनं, अनुपमानं, विचारून दाखवलं. फाटकाआड दोघी हसून हसून एकमेकींवर पडल्या. चिंतामणकाकांच्या मिशा थरथरल्या. आणि बॉनेटखाली मी असा खूश झालो म्हणून सांगू! कारण ती फटफट माझी होती, आणि ती मला काकांनीच शिकवली होती, हे अगदी खरं होतं.

मित्रांनो, मी आहे एका विलायती मोटारीचा जुना मॅनिफोल्ड. नाव जड आहे, काम सोपं. मला चार फाटे आहेत, आणि इंजिनाच्या कुशीला मला नट-बोल्टांनी आवळलेलं असतं. इंजिनात पेट्रोल जळलं की त्याचा तापलेला, विषारी धूर मी चारही फाट्यांतून गोळा करतो आणि खालच्या लांब नळीतून गाडीच्या मागे, माणसांपासून दूर सोडून देतो. मी नीट असलो तर कुणाला माझी आठवणही येत नाही. घरातल्या मोरीसारखं माझं नशीब.

मी बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा. वाळूच्या साच्यात लालभडक रस ओतून मला घडवलं. मग बोटीतून मुंबई, आणि तिथून एका जिनिंगवाल्या शेठजींच्या गाडीतून अकोला. कापसाच्या मोसमात बैलबंड्यांच्या रांगेमागे तासन्‌तास खोळंबलो, काळ्या मातीचा चिखल खाल्ला, पण कधी कुरकुरलो नाही. पुढे गाडी बापूसाहेबांकडे आली. “काय गाडी आहे वकीलसाहेबांची! मांजर घुरघुरते तशी चालते,” असं अख्खी पेठ म्हणायची. ती घुरघुर मऊ होती ती माझ्यामुळे. कौतुक मात्र रंगाचं आणि हॉर्नचं व्हायचं. चालायचंच.

मग आला एकोणसाठ सालचा दसरा.

चिंतामणकाका म्हणजे बापूसाहेबांचे धाकटे भाऊ. कधीतरी एका लॉरीवाल्याच्या शेजारी बसून ते नागपूरपर्यंत गेले होते. तेव्हापासून ‘गाडीतलं आपल्याला सगळं समजते’ असं त्यांचं म्हणणं. त्या दिवशी मूर्तिजापूरहून झेंडूची फुलं घेऊन त्यांनी गाडी अशी पिटाळली, की मी तापून लालबुंद. घरी पूजेची वेळ टळत चाललेली. “गाडी चकचकीत पाहिजे!” असं म्हणत काकांनी बॉनेट उघडलं आणि विहिरीच्या गार पाण्याची अख्खी बादली माझ्या अंगावर ओतली.

चर्रर्र! आणि मग, टण्!

“दादा, ऐकली काय घंटा? शकुन झाला!” काका आनंदानं ओरडले.

ती घंटा नव्हती, मित्रांनो. माझी पाठ फुटली होती. तापलेल्या बिडावर गार पाणी पडलं की ते तडकतं, हे माझ्या कारखान्यातलं पोरसुद्धा जाणून होतं. वर काकांनी त्याच तड्यावर कुंकवाचं बोट ओढलं, फूल वाहिलं आणि मला हात जोडले! त्या क्षणी मी ठरवलं. लोखंड विसरत नाही, आणि बीड तर मुळीच नाही. या माणसाला सोडायचं नाही.

दुसऱ्याच दिवशी मी फटफट सुरू केली. कोर्टापुढे एका टांग्याचा घोडा उधळवला. काका मागच्या सीटवर बसून बापूसाहेबांना गाडी कशी चालवावी ते सांगत, तेव्हा मी नेमका त्यांच्या बोलण्यात तोंड घालायचो. मग काकांनी उपाय काढला. घराची गच्ची गळायची तेव्हा चुना आणि गूळ कालवून फटी बुजवल्या होत्या; तोच लेप त्यांनी मला थापला. गाडी सुरू झाली, मी तापलो, आणि सगळ्या बाजारात जळक्या काकवीचा वास सुटला. “गुऱ्हाळ आलं, गुऱ्हाळ आलं!” करत पोरं मागे धावली. लेप गळून पडला, मी पुन्हा फटफटलो, आणि काका चिडून म्हणाले, “गाडीच दळभद्री आहे!”

दळभद्री! हेही मी जपून ठेवलं.

पण मधेच एक गोष्ट अशी घडली, की माझा राग दुप्पट झाला. अनुपमा पुढच्या सीटवर, डाव्या बाजूला बसायची. मीही इंजिनाच्या डाव्याच कुशीला. आमच्या दोघांत एक लाकडी फळी, आणि त्या फळीला तिच्या पायाशी चांगली बोटभर फट. माझ्या तड्यातून निघालेला धूर त्या फटीतून तिच्याकडे जायचा. बापूसाहेबांची काच उघडी असायची, वळताना हात बाहेर काढायचा म्हणून. तिची काच मात्र थंडीसाठी बंद. कार्तिकात सगळे कौंडण्यपूरच्या यात्रेला निघाले, आणि वर्धेचा काठ दिसायच्या आत अनुपमा घेरी येऊन शेजारी बसलेल्या आईच्या अंगावर कोसळली.

आईनं मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढली. काकांनी निकाल दिला. “दादा, पोरगी नाजूक आहे. इतक्या प्रवासानं भोवळ येते, आणि हिले म्हणे मॅट्रिकनंतर अमरावतीले सायन्सले जायचं! तिथं एकटीले काही झालं म्हणजे?”

बापूसाहेबांनी अनुपमाच्या कपाळाला हात लावून पाहिला. मग म्हणाले, “बरोबर आहे. अमरावतीचं राहू दे, अनू. घरीच राहा.”

जी मुलगी विहिरीच्या काठावरून चालत जायची पैज जिंकते, तिला नाजूक म्हणाले! तडा पाडला काकांनी, धूर माझा, आणि शिक्षा तिला?

पुढे शाळेची सहल एस.टी.नं अचलपूरला गेली. रस्ता खडबडीत, गाडी खचाखच, आणि अनुपमा दिवसभर गाणी म्हणत गेली आणि तशीच आली. ना घेरी, ना डोकेदुखी. मग एस.टी.त नाजूकपणा कुठं गेला? दुसऱ्या दिवशी सकाळी बापूसाहेबांनी गाडी सुरू केली, तशी तिनं बॉनेट उघडलं आणि तळहात माझ्यापाशी धरला. मी तिच्या हातावर फुस्, फुस् असा गरम श्वास सोडला. तिनं काजळी पाहिली. मग आत जाऊन फळीची फट पाहिली.

“बाबा! हा धूर माझ्या पायाशी येऊन राहिला. मला भोवळ याची येते!”

काका खो खो हसले. “धुरानं भोवळ येते तं चुलीपाशी बसणाऱ्या साऱ्या बायका आडव्या झाल्या असत्या! मॅट्रिकची पोरगी मले शिकवून राहिली!”

बापूसाहेबही हसले. अनुपमा हसली नाही. मग जरा वेळानं हसली, आणि ते हसू मी ओळखलं. सूड घेणाऱ्याला सूड घेणारा बरोबर ओळखू येतो.

माघातल्या एका गारठ्याच्या सकाळी सगळे अमरावतीला एका मुंजीला निघाले. अनुपमा काकांना म्हणाली, “काका, तुम्ही वडील माणूस. मागे बसता ते बरं नाही दिसत. पुढं बसा तुम्ही.” काका फुलून गेले. मफलर गुंडाळून माझ्या समोर येऊन बसले आणि काच पार वरपर्यंत चढवली.

या काका, या!

मी सगळा जोर लावला. बोरगाव मंजूपर्यंत काका हुकूम सोडत होते. मग हुकूम थांबले. अनुपमा मागून पुन्हा पुन्हा विचारत होती, “काका, बरे आहात ना?” मूर्तिजापूर जवळ आलं तेव्हा काका पुटपुटले, “दादा... थांबव... डोकं फुटून राहिलं.” ती उतरली, तिनं दार उघडलं, त्यांना हात धरून मोकळ्या हवेत नेलं. एका बाभळीच्या बुंध्याशी काकांनी सकाळचे पोहे परत केले.

“अगंबाई,” अनुपमा त्यांना पाणी देत म्हणाली, “काका नाजूक झाले! बाबा, यांना आता एकटं अमरावतीला पाठवू नका.”

बापूसाहेबांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग फळीच्या फटीकडे. “चिंतामण,” ते म्हणाले, “साक्ष पुरी झाली.”

मुंजीला सगळे एस.टी.नं गेले. गाडी नंतर साऱ्या काचा उघड्या ठेवून घरी आणली.

अचलपूरला अशाच जातीची एक गाडी मोडून पडली होती आणि तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. तिचा धडधाकट मॅनिफोल्ड बापूसाहेब घेऊन आले, आणि अंगणात अनुपमानं पाना हातात घेतला. काकांना पाने पुसून देण्याचं काम. शेवटचा नट काही सुटेना. काका उसळले, “हे पोरीबाळीचं काम नाही, सरक!” त्यांनी जोर लावला. मी तो नट असा घट्ट धरला, की पाना सटकला आणि काका मागच्या शेणाच्या पाटीत जाऊन बसले. अहाहा! मग अनुपमानं नटावर घासलेट सोडलं, जेवून आली, हळूच ठोकलं, आणि तिच्यासाठी मी तो सोडला.

तिनं इंजिनाची कड खरडून साफ केली, नवं पॅकिंग बसवलं, नवा मॅनिफोल्ड लावला आणि नट मधल्यापासून कडेकडे, थोडे थोडे आवळत गेली. गाडी सुरू झाली. घुरघुर! जुनी, मऊ घुरघुर. मी फरशीवर पडून ऐकत होतो. खोटं कशाला सांगू, जरा वाईट वाटलं.

तेवढ्यात काका बादली घेऊन आले. “थांबा, दुरुस्त झाल्या गाडीची पूजा करू, त्याआधी धुतो. दसऱ्यालाही मीच धुतली होती, अशीच गरमागरम. कशी टण् वाजली होती!”

अंगणात सगळ्यांच्या माना एकदम माझ्याकडे वळल्या. अनुपमानं मला उचललं आणि माझ्या पाठीवरच्या तड्यावरून बोट फिरवलं. “काका,” ती हळू म्हणाली, “बादली खाली ठेवा.”

आता मी काकांच्या खोलीच्या दाराशी, ते आपटू नये म्हणून, अडण बनून पडलेला असतो. तिनंच मला तिथं ठेवलं. रोज सकाळी काकांच्या पायाचं बोट माझ्यावर आपटतं, आणि माझा दिवस चांगला जातो.

मित्रांनो, तापलेल्या लोखंडाला आपोआप निवू द्या, मग खुशाल धुवा. यंत्र कुरकुरलं तर त्याला दळभद्री म्हणण्याआधी त्याच्या पाठीवरून एकदा हात फिरवून बघा. आणि कुणा मुलीला घेरी आली, तर तिला नाजूक ठरवण्याआधी धूर कुठून येतो ते शोधा. नाही तर आम्ही आहोतच.

नवा मॅनिफोल्ड बसला त्याच संध्याकाळी अनुपमा ओट्यावर आई-बाबांपुढे उभी राहिली. हात कोपरापर्यंत काळे, वेणी सुटलेली.

“आई, बाबा, जूनमध्ये मी अमरावतीला चालली. सायन्सला. होस्टेलात राहीन.”

“अगं, पण काका म्हणत होते...” आईनं सुरुवात केली.

“मी विचारून नाही राहिली, आई,” अनुपमा म्हणाली. “सांगून राहिली.”